थोरल्याची वाट, धाकट्याची वाट

(कुंभार पिंपळगाव, ता. घनसावंगी, जि. जालना येथे विद्यार्थी व पालक यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कुंभार पिंपळगावात बोलायला उभे राहायचे आणि जांबचे नाव घ्यायचे नाही, हे कोणाही वक्त्याला शक्य नाही. जांब तुमच्या शेजारचेच गाव. शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीला, म्हणजे इ. स. १६०८ मध्ये, सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई या दांपत्याच्या पोटी तिथे नारायण जन्माला आला आणि पुढे तो समर्थ रामदास झाला. त्याची कथा इथल्या लहान मुलालाही पाठ आहे. आसनगावचा लग्नमंडप, भटजींच्या तोंडचा ‘सावधान’ हा शब्द, बोहल्यावरून निघून गेलेला बारा वर्षांचा नवरदेव, नाशिकजवळच्या टाकळीची बारा वर्षांची तपश्चर्या, नंतरचे बारा वर्षांचे देशाटन, मग कृष्णाकाठ, चाफळचे राममंदिर आणि दासबोधाची वीस दशके. तुम्हाला पाठ असलेली ही कथा मी पुन्हा सांगणार नाही. मला आज त्याच घरातल्या दुसऱ्या मुलाविषयी बोलायचे आहे.

नारायणाला एक थोरला भाऊ होता. त्याचे नाव गंगाधर. वयाने तीनेक वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा नारायण सात-आठ वर्षांचा होता, म्हणजे गंगाधर दहा-अकराचा. आज ज्या वयाच्या मुलाला आपण किराणा आणायला एकटे पाठवताना दोनदा विचार करतो, त्या वयात घरातला कर्ता पुरुष होण्याची वेळ त्याच्यावर आली. पुढे धाकटा मंडपातून गेला तो गेलाच. चोवीस वर्षे तो घरी परतला नाही. या काळात आईच्या डोळ्यांची दृष्टी गेली, असे परंपरा सांगते. त्या माउलीला हाताला धरून ओसरीवर आणून बसवणारा कोण होता? गंगाधरपंत आणि त्यांच्या पत्नी पार्वतीबाई. घरची देवपूजा, आल्यागेल्याचे आतिथ्य, मुलेबाळे, दुष्काळ-सुकाळ हे सगळे त्यांनी जांबेत राहून निभावले. समर्थ देशाटनानंतर आईला भेटायला आले आणि पुन्हा आपल्या कार्याला निघून गेले. थोरले तेव्हाही घरीच राहिले. १६५५ मध्ये राणूबाईंनी देह ठेवला, तोवरची त्यांची सेवा थोरल्या मुलाच्या आणि सुनेच्या हातून झाली.

आता मनुष्यस्वभाव चारशे वर्षांपूर्वीही असाच होता, हे गृहीत धरायला हरकत नाही. धाकट्याची कीर्ती जांबेपर्यंत पोचली असेल तेव्हा पारावर बसलेला कोणीतरी गंगाधरपंतांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालाच असेल, ‘बघा, धाकट्याने केवढे नाव काढले! आणि थोरला?’ गावात असे म्हणणारा एक तरी असतोच. ती त्याची जन्मभराची नोकरी असते, बिनपगारी. (हशा)

आपल्यापुढे इतिहास आहे तो असा, की गंगाधरपंतांनी धाकट्याची नक्कल केली नाही आणि त्याच्यापुढे स्वतःला कमीही लेखले नाही. त्यांनी आपला संसार केला, लोकांना उपासनेची वाट दाखवली आणि लिहिलेही. ‘भक्तिरहस्य’ आणि ‘सुलभोपाय’ हे त्यांचे ग्रंथ. रामीरामदास या नावाने ते ओळखले जातात. समर्थ संप्रदायाने त्यांना जे नाव दिले ते तर मला फारच अर्थपूर्ण वाटते. जो घर सोडून गेला त्याला संप्रदाय ‘समर्थ’ म्हणतो, आणि जो घरी राहिला त्याला ‘श्रेष्ठ’. मठ स्थापन करणाऱ्या, हजारो लोकांना कामाला लावणाऱ्या भावाचे शिष्य घरी राहिलेल्या भावाला श्रेष्ठ म्हणून वंदन करतात! एका घरातले दोन मुलगे. एकाच्या वाट्याला देश आला, एकाच्या वाट्याला ओसरी. गंगाधरपंत ईर्ष्येने बाहेर पडले असते तर राणूबाईंचे काय झाले असते? आणि ‘दादा बघा कसा घर सांभाळतो’ या टोमण्याने नारायण बोहल्यावर उभा राहिला असता तर महाराष्ट्राला काय मिळाले असते, याचाही विचार करा.

भगवद्गीतेत स्वधर्माची गोष्ट एकदा नव्हे, दोनदा येते; तिसऱ्या अध्यायात आणि पुन्हा अठराव्यात. आपले काम उणे-अधुरे असले तरी दुसऱ्याचे सफाईने केलेल्या कामापेक्षा ते बरे, असा त्याचा आशय आहे. कित्येकांनी त्याचा जन्माशी आणि जातीशी संबंध जोडून संकुचित अर्थ लावला. तो अर्थ आपण सोडून देऊ. माझा पिंड कोणता, माझी परिस्थिती कोणती, माझ्या दारात आज कोणते कर्तव्य उभे आहे, एवढ्या तीन प्रश्नांचे उत्तर म्हणजे माझा स्वधर्म. तो शेजाऱ्याच्या दारात डोकावून कळत नाही.

हे सगळे आज तुमच्यापुढे का सांगतो आहे? पत्रकारितेच्या निमित्ताने मी पुष्कळ गावांत फिरतो. मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक गावातली पाच-दहा मुले पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला अभ्यासिकेत बसलेली असतात. सदाशिव पेठेतल्या एका खोलीत चौघे-पाचजण, मेसचा डबा, भाड्याची खुर्ची. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला देशभरातून दहा लाखांच्या आसपास अर्ज येतात आणि निवड होते ती हजाराच्या आसपास. २०२४ च्या परीक्षेतून १००९ जणांची शिफारस झाली. हे गणित क्लासच्या जाहिरातीत कोणी छापत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला २०२४ मध्ये देशभरातून २४ लाखांच्या घरात मुलांनी नोंदणी केली होती. म्हणजे बहुसंख्य मुलांचे नाव यादीत येणार नाही, हे परीक्षेच्या आधीच ठरलेले असते. त्यात त्यांचा गुन्हा काही नसतो.

पण गावात काय होते? ज्याचे नाव यादीत आले त्याचा फ्लेक्स चौकात लागतो. लागू द्या, त्याचे कौतुक झालेच पाहिजे. आपल्या राज्याच्या शिक्षण मंडळाने दहावी-बारावीची गुणवत्ता यादी जाहीर करणे केव्हाच बंद केले. आपण मात्र ती चौकाचौकात स्वखर्चाने पुन्हा सुरू केली. त्या फ्लेक्सखालून ज्या बापाचा मुलगा चार वर्षे पुण्यात आहे तो जातो, आणि त्या रात्री पुण्याला फोन जातो. फोनवर प्रश्न एकच असतो, ‘त्याला जमले, तुला का नाही?’ मग तो मुलगा दिवाळीला येत नाही. पुढच्या अक्षय्य तृतीयेलाही येत नाही. वय एकोणतीस, तीस होते. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी वयाची अट ३८ पर्यंत आहे, मागास प्रवर्गांसाठी त्याहून अधिक. म्हणजे नियम त्याला थांबवत नाही आणि लाज त्याला परत येऊ देत नाही. या दोहोंच्या कात्रीत सापडलेली मुले मी पाहिली आहेत. त्यांच्यातली काही फार हुशार आहेत. अपयशाने ती मोडत नाहीत, इतकी ताकद त्यांच्यात असते. पण दुसऱ्याच्या यशाच्या बाजूला रोज उभे केले गेल्यावर माणूस आतून पोखरला जातो, आणि त्यातले काहीजण जिवाचे बरेवाईट करून घेण्याच्या कडेपर्यंत जातात. हे मी अतिशयोक्तीने बोलत नाही. इथे बसलेल्या पालकांना ते ठाऊक आहे.

मुलींची गोष्ट आणखी अवघड. मुलाची तुलना यादीतल्या मुलाशी होते. मुलीची तुलना लग्न होऊन गेलेल्या मैत्रिणीशी होते. ‘तिच्या बरोबरीच्या सगळ्या नांदायला गेल्या’ हे वाक्य तिच्या अभ्यासाच्या टेबलाजवळ उभे राहून म्हटले जाते. मुलाला पाच संधी, मुलीला दोन वर्षे. मातृशक्तीचा गौरव आपण व्यासपीठावरून फार करतो. घरात तिला थोडा वेळ दिला तर तो गौरव खरा.

‘पण साहेब, स्पर्धेशिवाय प्रगती कशी होणार?’ असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी स्वतः न देता गोदावरीच्या पलीकडच्या एका तरुणावर सोपवतो.

गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. त्याच्या पार दुसऱ्या टोकाला आष्टी तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तिथल्या गरीब शेतकरी कुटुंबातला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला. महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, राजस्थानच्या वाळवंटात राहिला. धावपटू होण्याचे त्याच्या डोक्यात नव्हते. सैन्यातल्या शर्यतींत त्याचे पाय ओळखले गेले आणि मग तो तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळला. ही शर्यत म्हणजे नुसते पळणे नव्हे. साडेसात फेऱ्या, त्यात २८ अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. या प्रकारातला गोपाळ सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे कोणाला मोडता आला नव्हता. २०१८ मध्ये साबळेने भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंदांत तो मोडला.

पुढचे आकडे नीट ऐका. २०१९ मध्ये दोह्याला ८ मिनिटे २१.३७ सेकंद. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ८ मिनिटे १८.१२ सेकंद, त्या वेळी तो आपल्या प्राथमिक फेरीत सातवा आला आणि अंतिम फेरीला मुकला. सातवा! आपल्याकडे सातव्या मुलाचे नाव कोणी विचारत नाही. पण राष्ट्रीय विक्रम त्याच धावेत झाला होता. २०२२ च्या जूनमध्ये मोरोक्कोतल्या रबातला तो आठवा आला, वेळ ८ मिनिटे १२.४८ सेकंद, पुन्हा राष्ट्रीय विक्रम. दोनच महिन्यांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक, आणि सुवर्ण हुकले ते अवघ्या पाच शतांश सेकंदाने. त्या स्पर्धेत या प्रकारातली सगळी पदके १९९८ पासून केनियाचेच धावपटू नेत आले होते. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो सहावा आला आणि त्याच धावेत पहिल्यांदा ८ मिनिटे १० सेकंदांच्या आत गेला, ८ मिनिटे ०९.९१ सेकंद. पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेला या प्रकारातला तो पहिला भारतीय पुरुष ठरला. तिथे क्रमांक आला अकरावा.

सातवा, आठवा, सहावा, अकरावा. नुसते क्रमांक वाचले तर हा हरणारा माणूस वाटेल. घड्याळ वाचले तर सहा वर्षांत त्याने स्वतःच्याच वेळेतून जवळजवळ वीस सेकंद कापून काढलेले दिसतात. क्रमांक किती यावा हे शेजारून कोण पळतो आहे त्यावर अवलंबून असते. त्या दिवशी केनियाचा, मोरोक्कोचा, इथिओपियाचा माणूस कसा जेवला, कसा झोपला, यावर असते. स्पर्धेत उतरावेच लागते आणि त्या दिवशी शेजारचा दिसतोच. स्पर्धा आठ-नऊ मिनिटांची असते. आपण मात्र वर्षाचे ३६५ दिवस शेजारच्या पट्ट्याकडे मान वळवून पळतो. अडथळ्यांच्या शर्यतीत मान वळवून पळणाऱ्याचे काय होते हे सांगायला प्रशिक्षक लागत नाही.

आता वयाचा मुद्दा. ‘अमका एकविसाव्या वर्षी अधिकारी झाला’ हे वाक्य पंचविशीतल्या मुलाला म्हातारे करून टाकते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ या एकाच वर्षी दोन मराठी तरुण पदवीधर झाले. एकाचे वय १८, दुसऱ्याचे २६. अठरा वर्षांचा होता गोपाळ कृष्ण गोखले. सव्वीस वर्षांचा होता कोकणातल्या मुरूडचा धोंडो केशव कर्वे. कर्व्यांना उशीर का झाला? इयत्ता सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा मुरूडहून साताऱ्यापर्यंत सुमारे शंभर मैल डोंगरदऱ्यांतून चालत गेला. तिथे परीक्षा समितीने तो वयाने लहान दिसतो म्हणून त्याला बसूच दिले नाही. मॅट्रिक झाला तो तेविसाव्या वर्षी.

याच गोखल्यांनी पुढे १८९१ मध्ये कर्व्यांना गणित शिकवायला फर्ग्युसन महाविद्यालयात बोलावले. टिळक बाहेर पडल्यामुळे गणिताची जागा रिकामी होती. आठ वर्षांनी लहान असलेला माणूस तिथला मान्यवर प्राध्यापक, आणि वयाने मोठा असलेला त्याच्या निमंत्रणावरून येतो. तुमच्या-आमच्यातला एखादा असता तर मानापमानात अडकून मुंबईतच बसला असता. कर्वे आले. १९०५ मध्ये गोखले काँग्रेसचे अध्यक्ष झाले, वय ३९. तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे कर्वे विधवा मुलींच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी रुपया-रुपया वर्गणी गोळा करत होते. १९१५ मध्ये गोखले गेले, अवघ्या ४८ व्या वर्षी. आणि कर्व्यांचे महिला विद्यापीठ सुरू झाले ते त्यानंतर, १९१६ मध्ये, कर्व्यांच्या वयाच्या ५८ व्या वर्षी. आपल्याकडे ५८ हे निवृत्तीचे वय! १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. यातला कोण पुढे होता आणि कोण मागे, हे कोणत्या वर्षी मोजायचे? १८८४ ला मोजले तर एक उत्तर, १९०५ ला तेच उत्तर, १९१६ ला उत्तर देताच येणार नाही. देशाला दोघेही हवे होते.

इथे शेतकरी मंडळी बसली आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट मध्येच सांगतो. जालन्याची मोसंबी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकन आहे. मोसंबीच्या झाडाला बारमाही पाणी लागते आणि पदरात पीक पडायला चार-पाच वर्षे थांबावे लागते. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या बागा उभ्या वाळल्या. तेव्हा टँकरने पाणी घालूनही अनेकांना बागा वाचवता आल्या नाहीत. निसर्गापुढे सगळेच हतबल होते हे खरे. पण अशा बाबतीत जाणती माणसे एक गोष्ट नेहमी सांगतात: शेजाऱ्याची बाग बघून लावू नको, आपल्या विहिरीचा वैशाखातला तळ बघून लाव. शेजाऱ्याच्या विहिरीला कालव्याचा पाझर असेल, तुझ्या विहिरीला नसेल. मुलाला कोणत्या शाखेला घालायचे हे ठरवताना नेमके हेच आपण विसरतो.

तुलना सरसकट वाईट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. मराठवाड्यात उभे राहून तसे म्हणणे हा अन्याय होईल. १९८३ मध्ये सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने पुढच्या वर्षी जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करून विकासाचा अनुशेष आकड्यांत मांडला. रस्ते, सिंचन, शाळा कुठे किती कमी आहेत हे तुलनेशिवाय कळणारच नाही. सरकारने जिल्ह्यांची तुलना करावी, आणि आपण ती जाब विचारण्यासाठी वापरावी. फक्त जिल्ह्यांच्या तुलनेचे माप मुलांना लावू नका. अनुशेष हा शब्द सिंचनाला शोभतो, पोटच्या पोराला नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याशी दोन व्यवहाराच्या गोष्टी. एक वही करा. सराव परीक्षेचे गुण त्यात लिहा, पण मित्राचे गुण लिहू नका; तुमचे मागच्या महिन्याचे लिहा. कोणत्या विषयात किती वाढले, कुठे अडले, एवढेच. दुसरे, पुण्याला निघण्याआधी, घरी आई-वडिलांसमोर बसून, किती वर्षे आणि किती संधी द्यायच्या हे ठरवा आणि कागदावर तारीख घाला. त्या तारखेनंतर काय करायचे तेही लिहा: शेती, धंदा, शिक्षकी, वकिली, काहीही. नियम तुम्हाला ३८ पर्यंत थांबवणार नाही, म्हणून ही मर्यादा तुम्हीच घालायची आहे, आणि ती शेजारच्या मुलाची तारीख असता कामा नये. एखाद्याच्या घरी दहा एकर ओलित आहे, तो सहा वर्षे बसू शकतो. तुमच्या घरी दोन एकर कोरडवाहू असेल तर तुमची तारीख अलीकडची असेल. त्यात लाज नाही, तो हिशेब आहे. आणि मोबाइलवरचे दुसऱ्यांचे ‘स्टेटस’ रात्री झोपण्यापूर्वी बघायचे बंद करा. तिथे कोणीही आपल्या नापास झालेल्या विषयाचा फोटो टाकत नाही.

आणि पालकांनो, तारीख उलटून मुलगा परत आला तर एसटीतून उतरलेल्या त्या मुलाला पारावरच्या मंडळींच्या तावडीत सोडू नका. स्वतः स्टँडवर जा. बॅग हातात घ्या. घरी म्हातारी आजी असेल, शेत असेल, बंद पडलेले दुकान असेल. त्याच्या वाट्याला ओसरी आलेली असू शकते. पुण्यात शिकलेली राज्यघटना, अर्थशास्त्र, हिशेब हे सगळे ग्रामपंचायतीला आणि शेतकरी कंपनीलाही लागते. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी वकिली केली आणि आयुष्यभर गावोगावच्या मठांतली समर्थ वाङ्मयाची बाडे गोळा केली. १८९३ मध्ये त्यांनी त्यासाठी सत्कार्योत्तेजक सभा काढली. समर्थांविषयी आज आपण जे ठामपणे बोलू शकतो त्यातले पुष्कळसे त्या कामावर उभे आहे, आणि श्रेष्ठांविषयीचेही. ते काम करण्यासाठी त्यांना दुसरे रामदास व्हावे लागले नाही.

पुढच्या रविवारी वेळ मिळाला तर मुलांना घेऊन जांबला जा. पाया पडून लगेच परत फिरू नका. थोडे बसा, आणि थोरल्याची गोष्ट मुलांना तिथेच सांगा. आता माझा वेळ संपला आहे. मुलांना काही विचारायचे असेल तर मी थांबलो आहे. मुलींनी आधी विचारावे.